चावट गोष्टींच्या घरचा बोलका डबा

मी बोलतोय. म्हणजे, बोलायचो. दुकानाच्या गल्ल्यावर बसून 'पैसे जमा झाले' असं ओरडणारा डबा असतो ना, त्यातलाच मी एक. कारखान्यात माझा आवाज असा खणखणीत भरला, की चाचणीच्या दिवशी समोरच्या इमारतीतल्या दोन उधारीवाल्यांनी घाबरून हिशेब चुकते केले. खोटं वाटत असेल तर वाटू दे.

मला वाटलं होतं, एखादं झगमगीत दुकान मिळेल. मिळालं दोन जावांचं घर. दाराशी धाकटीचं शिवणयंत्र, आत थोरलीचा संगणक. धाकटी लोकांचे कपडे सैल-घट्ट करून द्यायची. थोरली, निवृत्त नर्स, मोठ्या माणसांसाठी चावट गोष्टी लिहून स्वतःच्या वेबसाइटवर टाकायची. वाचक घरबसल्या, नाव न सांगता वर्गणी भरत. भरली, की मी ओरडायचो.

"जाऊबाई, याला जरा हळू बोलायला सांगा," धाकटी म्हणायची. "खालच्यांना वाटतं, मी दिवसभर नुसत्या पँटी उसवते."

"वाटू दे. तेवढीच तुझी कीर्ती."

गोष्टी चावट होत्या, पण मायेच्या. त्यातली माणसं पन्नाशीची. गुडघे सांभाळत एकमेकांवर जीव टाकायची.

मग निवडणूक आली. एका पुढाऱ्याने भर सभेत आमच्या वेबसाइटचं नाव घेतलं आणि हिच्यामुळे समाज नासला म्हणाला. नेमका कोणत्या गोष्टीत, कोणत्या प्रसंगी नासला, तेही त्याला तोंडपाठ होतं. त्याच्या माणसांचे फोन पैसे पोचवणाऱ्या कंपन्यांना गेले. कोर्ट नाही, कायदा नाही, आमच्या कंपनीने खातं बंद करून टाकलं. दुसरीने अर्ज वाचून नकार दिला, तिसरीने न वाचताच.

थोरलीने कंपनीला फोन लावला. "आमचा गुन्हा काय?"

"गुन्हा नाही मॅडम, धोरण आहे."

"कोणाचं?"

"वरून आलंय."

"वरून म्हणजे कुठून? आमच्या वर गच्ची आहे."

पलीकडचा हसला, मग घाईने फोन ठेवला.

घरभाडं त्याच वर्गणीवर निघायचं. शेवटी धाकटीने तोड काढली. वाचकांनी पँट, कोट काहीही घेऊन यायचं, खिशात वर्गणी ठेवायची. बघणाऱ्याला वाटेल, शिवणाचं काम. थोरलीने तसं वेबसाइटवर लिहिलं.

कोणी फिरकलं नाही. बोटाने पैसे भरणं वेगळं आणि जिना चढून तोंड दाखवणं वेगळं. थोरली संगणकासमोर बसायची, पण लिहायची नाही. "मिटवून टाकू गं हे सगळं," ती एका सकाळी म्हणाली. धाकटीने नुसतंच यंत्र चालवलं, सुईत दोरा नसताना.

त्याच दुपारी कंपनीचा माणूस मला परत न्यायला आला. थोरलीने मला पुसून त्याच्या हातात दिलं. त्याने मला पिशवीत टाकलं, पण तो हलेना. पिशवीतूनच त्याने एक पँट काढली.

"जरा आखूड करायची होती."

धाकटीने टेप लावली. "माप तर बरोबर आहे."

"तरी... करा थोडी."

तिने खिशात हात घातला. आत वर्गणी.

"अहो, तुमच्याच कंपनीने आमचं बंद केलं ना?"

"पँट कंपनीची नाही, ताई. माझी आहे." मग खाली बघत म्हणाला, "त्या बसडेपोच्या गोष्टीतल्या दोघांचं पुढे काय होतं?"

थोरलीने चष्मा चढवला. "शुक्रवारी पँट न्यायला या. तोवर कळेल."

आम्ही जिना उतरत होतो. खालून एक बाई घडी केलेला कोट छातीशी धरून, मान खाली घालून वर येत होती. माझा माणूस बाजूला झाला आणि तिने न विचारताच म्हणाला, "दुसरा मजला. दार उघडंच आहे."

आता मी गोदामात आहे, माझ्यासारख्याच मुक्या डब्यांच्या ढिगात. बॅटरी संपत आली आहे, म्हणून शेवटचं सांगतो. जे चोरून आवडीने वाचता, त्याच्यासाठी एकदा तरी जिना चढा. आणि पँट धुतलेली न्या. धाकटी फार बोलते.