रुमालाबाहेरचा भाव

सोमवारी सकाळी नौशीनने चार ठिकाणी एकच मजकूर पाठवला. आठवडाभर ती तो घासूनपुसून तयार करत होती. पहिल्या खर्ड्यात दोनदा माफी मागितली होती. ती दोन्ही वाक्यं तिने खोडली, मग एक परत घातलं, मग तेही काढलं. शेवटी उरलं ते एवढंच, की पुढच्या महिन्यापासून पानाचं काम महिना आठ हजारांत होईल. आजवर ती पाच घेत होती.

रहिमतपूरच्या घरात बसून ती इतरांची फेसबुक-इन्स्टाग्रामची पानं सांभाळायची. साताऱ्यातला एक केकवाला, उंब्रजचं हायवेवरचं हॉटेल, कऱ्हाडचं साड्यांचं दुकान, आणि तिकडे लांब जत तालुक्यातल्या ज्योतिबांची माडग्याळी मेंढरं. केकवाल्याने रडकी तोंडं पाठवली आणि हो म्हटलं. हॉटेलवाला दुपारपर्यंत कुरकुरत राहिला, पण त्याला सोडवत नव्हतं हे त्याच्या लांबलचक बोलण्यावरूनच कळत होतं. साडीवाल्यांनी विचारलं, ‘‘तुमचे बाकीचे लोक देतायत का एवढे?’’ नौशीनने लिहिलं, देतायत. मग तिला धाकधूक लागली, कारण बाकीच्यांतले सगळ्यांत मोठे ज्योतिबा होते आणि त्यांच्याकडून काहीच आलं नव्हतं.

ज्योतिबांचं पान हे तिचं खरं भांडवल होतं. पोपटनाक्या मेंढ्याचं डोकं हळूच कॅमेऱ्याकडे वळतं, तो व्हिडिओ विजापूरपासून बारामतीपर्यंत फिरला होता. नवं गिऱ्हाईक आलं की ती आधी तेच दाखवायची. ज्योतिबांनी काम काढून घेतलं असतं, तर साडीवाल्यांना ते चार दिवसांत कळलं असतं, आणि मग आठ हजार कुणाकडेही मागायला तिला तोंड राहिलं नसतं.

कामाच्या ग्रुपवर तिने मजकूर टाकला होता. ग्रुपात ज्योतिबा, त्यांची सून मंगल, दोन पुतणे आणि आणखी तीन-चार मेंढरंवाले पाहुणे. सगळ्यांनी तो वाचला होता. एकानेही काही म्हटलं नाही. एरवी या ग्रुपात मेंढी शिंकली तरी हात जोडलेली दहा चित्रं यायची.

बुधवारी पानावर एक व्हिडिओ आला. तो नौशीनने टाकला नव्हता. मेंढ्याचं अर्धं तोंड कापलेलं, मागे कुणाचा तरी खोकला, आणि खाली भलताच फोन नंबर. तिने घाईने आत जाऊन पाहिलं, तर पान चालवणाऱ्यांत एक नवं नाव घातलेलं होतं: समीक्षा.

कोण ही समीक्षा? नौशीनने तिचं खातं उघडलं. गुलाबाचं चित्र, गाव सांगली, बाकी काही नाही. एवढं रिकामं खातं कुणी उगाच ठेवतं का? सांगलीत अशी कामं करणाऱ्या दोन-तीन मुली तिला माहीत होत्या. त्यांतल्याच कुणीतरी दुसऱ्या नावाने हात घातला असणार. व्हिडिओ मुद्दाम गबाळा टाकला असेल, म्हणजे स्वस्तात काम करणारी आहे असं वाटावं. नंतर तिचं तिलाच हे फार लांबवर गेल्यासारखं वाटलं, पण तेव्हा तिने गुलाबाचं चित्रसुद्धा मोठं करून पाहिलं होतं.

गुरुवारी आणखी एक गोष्ट घडली. तिचे वडील दस्तगीर लोणंदच्या बाजाराला गेले. हयातभर त्यांनी शेळ्या-मेंढ्यांची दलाली केली होती, पण गुडघा धरल्यापासून दोन वर्षं बाजार बंद होता. आज गुडघ्याचं नावही नाही. संध्याकाळी आले ते लोकरीचा वास घेऊन, आणि जेवताना गप्प. जेवण झाल्यावर ते ओट्यावर गेले नि फोनवर दबक्या आवाजात म्हणाले, ‘‘व्हय, व्हय, माझ्या शब्दावर राहू द्या. पोरीला मी सांगतो सवडीनं.’’

नौशीन दाराआड उभी होती. तिच्या मनात पहिल्यांदा आलं ते लग्नाचं. दुसऱ्यांदा आलं ते मेंढरांचं, आणि ते जास्त वाईट होतं.

‘‘अब्बा, कुणाचा फोन?’’

‘‘असंच. जुना माणूस.’’

‘‘जतचा जुना माणूस?’’

दस्तगीरनी चष्मा काढून पुसायला घेतला. ‘‘ज्योतिबा आल्ता लोणंदला. भेट झाली.’’

‘‘भेट झाली का भेट ठरवली?’’

‘‘आता तू पोलिसात भरती झालीस काय गं?’’

पण ती हटेना, तेव्हा त्यांनी सांगितलं. ज्योतिबांचा सोमवारीच फोन आला होता. दस्तगीरभाई, तुमची पोरगी दुसरीकडं गेली, निदान आधी सांगायचं तरी, असं म्हणत होते. नौशीन चक्रावली. ती कुठेच गेली नव्हती.

‘‘अगं, ग्रुपात भाव टाकलास ना तू? चारचौघांत?’’ दस्तगीर म्हणाले. ‘‘धंद्यातली माणसं हायत ती. जनावराचा भाव मालक तोंडानं कवा बोलतो? इकल्यावर. तवर रुमालाखाली बोटं दाबून चालतं सगळं. तू आकडा सगळ्यांम्होरं बोललीस म्हंजे त्यांनी धरलं, तुझा सौदा दुसऱ्याशी झाला आन् तू नुसतं कळवतीयास.’’

नौशीन खाली बसली. लहानपणी अब्बांसोबत ती लोणंदला जायची, भिंतीवर बसून शेंगा खायची. दोन माणसांचे हात एका रुमालाखाली, तोंडं भलतीकडे, आणि नुसती बोटं बोलतायत, हे तिने शंभरदा पाहिलं होतं. पूर्ण पंजा धरला की पाच, पुढे एकेक बोट वाढवायचं. पण तिचं काम म्हणजे मेंढरू नव्हे, आणि तिच्या कामाचा भाव त्या रुमालाखालचा असेल, हे तिच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

‘‘मग तुम्ही त्यांना सांगितलंत, की मी कुठं गेले नाही?’’

‘‘सांगितलं. आन् मिटवलं.’’

‘‘काय मिटवलं?’’

दस्तगीरनी चष्मा पुन्हा घातला. ‘‘साडेसहा.’’

नौशीन हळू आवाजात म्हणाली, ‘‘किती मिळाली दलाली?’’

‘‘नौशीन!’’

‘‘दोन्हीकडनं घेतात दलाल. एका बाजूची मला माहीत नाही, म्हणून विचारते.’’

‘‘चा पाजला त्यानं. आन् भजी.’’ दस्तगीरचा आवाज चिरकला. ‘‘पाच आन् आठच्या मधीच बसतं ते. गिऱ्हाईक उठून गेलं असतं तर काय केलं असतंस? मी शब्द दिलाय आता.’’

वडिलांच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि तरी तिचा संशय जाईना. त्यांनी तिच्यासाठी केलं, की पुन्हा एकदा रुमालाखाली हात घालायला मिळाला म्हणून केलं? त्यांनाही ते नीट सांगता आलं नसतं. पण तिला एक नियम आठवला, आणि तो तिने त्यांनाच ऐकवला.

‘‘मालक जनावराजवळ उभा नसला, तर सौदा होतो?’’

होत नाही, हे त्यांनीच तिला शिकवलं होतं.

रविवारी दोघं सांगलीपर्यंत रेल्वेने आणि तिथून एसटीने जतला गेली. पुढे वाडीपर्यंत ज्योतिबांच्या पुतण्याने मोटरसायकलवरून नेलं, तिघं एका गाडीवर. बाभळीखाली ज्योतिबा पागोटं सावरत बसले होते. जवळच तो नावाजलेला मेंढा बांधलेला. मंगल चहा घेऊन आली, पण नौशीनच्या नजरेला नजर देईना. हे नौशीनने टिपून ठेवलं.

‘‘या दस्तगीरभाई. पोरीला आनलंसा, ब्येस केलं. काम सुरू करा म्हनावं.’’

‘‘आबा, आधी एक सांगा,’’ नौशीन म्हणाली. ‘‘समीक्षा कोण?’’

ज्योतिबांनी मेंढ्याने पाहावं तसं भोळेपणाने इकडेतिकडे पाहिलं. मंगलच पुढे झाली.

‘‘माज्या भैनीची पोर हाय, सांगलीची. आमाला वाटलं तुमी सोडलं. माज्या फोनवरनं काय जमंना, तिच्यावरनं टाकला व्हिडिओ. नंबर माजा हाय त्यो.’’

‘‘आणि खोकला?’’

‘‘मामांचा,’’ मंगल म्हणाली, आणि पदर तोंडाला लावला.

नौशीनला हसू आलं, पण तिने ते गिळलं. ‘‘आबा, लोणंदला जे ठरलं ते मला मान्य नाही. मी तिथं नव्हते. मालकाशिवाय सौदा होत नाही.’’

‘‘आरं तिच्या!’’ ज्योतिबा दस्तगीरकडे वळले. ‘‘भाई, ही तर तुमच्यावर गेली.’’

‘‘माझ्या वरताण हाय,’’ दस्तगीर जमिनीकडे बघत म्हणाले.

‘‘मग आता हाय की मालकीन उभी. करू या.’’ ज्योतिबांनी खांद्यावरचा रुमाल काढला, झटकला आणि ते थबकले. परक्याच्या तरण्या पोरीचा हात हातात कसा घ्यायचा? त्यांनी रुमाल दस्तगीरकडे केला. नौशीन म्हणाली, ‘‘अब्बा नाहीत.’’ रुमाल तसाच हवेत लोंबकळत राहिला.

‘‘मी घालते हात,’’ मंगल म्हणाली.

‘‘तू?’’

‘‘का? पान कोन बघतंय रोज? तुमाला तर ते उघडताबी येत न्हाई, मामा.’’

ज्योतिबांनी नाइलाजाने रुमाल तिच्याकडे फेकला. मंगलने तो झटकून नौशीनच्या मनगटावर पसरला आणि खाली तिचा हात धरला. तो हात खरखरीत होता, तेलकट लोकरीचा. आधी पूर्ण पंजा. मग एक बोट. नौशीनने मान हलवली नाही, फक्त हात सैल सोडला. दुसरं बोट आलं. पुरुष दोघेही बाजारातल्या सवयीने दुसरीकडे बघत होते, पण कान इकडेच. नौशीनने हात मागे ओढल्यासारखं केलं. बराच वेळ काही झालं नाही, मेंढा तेवढा खूर आपटत राहिला. मग तिसरं बोट दाबलं गेलं आणि तसंच राहिलं.

मंगलने रुमाल काढला. ‘‘झालं.’’

‘‘किती?’’ ज्योतिबा आणि दस्तगीर एकदमच म्हणाले.

‘‘आत जाऊन सांगते मामा. चारचौघांत कशाला?’’

जेवणं झाली. निघताना मंगल नौशीनला गोठ्यामागच्या वाटेने सोडायला आली आणि कुजबुजली, ‘‘ताई, मामांना मी सात सांगनार हाय. वरचं एक माज्या कोंबड्यांतनं घालीन. त्यांना कळायचं न्हाई.’’

नौशीन उभी राहिली. तिला वाटलं, इथेच काहीतरी पाणी मुरतंय. मग लक्षात आलं, की नाही, ही बाई खरंच अंडी विकून तिला पैसे देणार आहे.

‘‘तुम्ही का म्हणून?’’

‘‘व्हिडिओ मी काढते. येकदा बंद पडलं तर मग पुन्ना फोन माज्या हातात कोन देनार?’’

वाटेवर, मोटरसायकलजवळ दस्तगीर पुतण्याशी बोलत उभे होते. हो म्हटलं असतं तर आठ मिळत होते, पानही राहत होतं, आणि साडीवाल्यांना तोंड दाखवता येत होतं. नौशीनला आपल्या मोहाचीच भीती वाटली.

‘‘नको वहिनी,’’ ती म्हणाली. ‘‘आठच सांगा त्यांना. मी उभी आहे इथं. नाही म्हणाले तर सौदा मोडला.’’

‘‘मोडला तर?’’

‘‘तर मोडला.’’

मंगलने तिच्याकडे टक लावून पाहिलं. हिला माझी कीव आली की हिला माझ्यावर भरवसा नाही, असं काहीतरी ती पारखत असावी. मग पदर खोचून ती बाभळीकडे गेली. लांबून बोलणं ऐकू येत नव्हतं. मंगलची मान खाली होती, आणि ज्योतिबांचं पागोटं एकदा तिच्याकडे, एकदा मेंढ्याकडे वळत होतं. मंगलने मान वर केली आणि हातातला फोन, घ्या, तुम्हीच चालवा म्हटल्यासारखा, त्यांच्यापुढे धरला. तो तिने बराच वेळ तसाच धरून ठेवला. ज्योतिबांनी तंबाखू थुंकली, ते उठले, आणि त्यांनी नौशीनच्या दिशेने हात वर केला. तो हात बोलावत होता की घालवत होता, कळेना. दस्तगीर गुडघा विसरून दोन पावलं पुढे आले.

‘‘ए पोरी!’’ ज्योतिबा ओरडले. ‘‘मंगळवारी आटपाडीच्या जत्रंला न्हेतोय मेंढा! आज रातच्याला व्हिडिओ टाक म्हनलं! आन् त्यो खोकल्याचा पुसून काढ आधी!’’