उत्तर येईपर्यंत थांबणारा कॅमेरा

मित्रांनो, टीव्हीच्या स्टुडिओत चाकांवर उभा असणारा, अंगाने जड आणि दृष्टीने आता अधू झालेला असा मी एक जुना कॅमेरा.

कारखान्यात माझे भिंग घासणाऱ्या बाईंचा हात फार हलका होता. त्या काच दिव्यासमोर धरत, "अजून नाही," म्हणत आणि पुन्हा घासायला बसत. यांना कंटाळा कसा येत नाही, असे मला तेव्हा वाटे. मनोभावे काम करणाऱ्याला कंटाळायला सवड नसते, हे मला पुढे कळले.

मला मुलांच्या कार्यक्रमासाठी आणले. मला चालवणारे कॅमेरामन ताडासारखे उंच, म्हणून सगळे त्यांना लंबूदादा म्हणत. पण मला ते नेहमी खाली, लहान मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर ठेवत आणि स्वतः कमरेत वाकून उभे राहत. पाठ दुखल्याची तक्रार घरी बायकोकडे करत असतील. मी कधी ऐकली नाही.

कार्यक्रम सादर करायला ताई आल्या. आवाज हळू, वागणे साधे. पहिल्या दिवशी "मुलांनो" म्हणत त्या माझ्या डोक्यावरून पलीकडे बघू लागल्या, जणू मागे मैदान भरले होते.

"ताई, आपण सभेला आलोय का?" लंबूदादा म्हणाले. "घरात टीव्हीसमोर एकच मूल बसलेलं असतं. ते इथं आहे, या काचेत. त्याच्याशी बोला."

"आणि ते माझ्याशी बोललं तर?"

"तर ऐका की."

दादांनी ते थट्टेत म्हटले होते. ताईंनी मनावर घेतले. त्या दिवसापासून 'मुलांनो' गेले आणि 'तू' आले. प्रश्न विचारला की ताई गप्प होत आणि प्रार्थनेला उभे राहावे तशा माझ्या काचेत बघत राहत. घरातल्या मुलाचे उत्तर देऊन झाले असेल असे वाटले, की मगच पुढे बोलत.

हे 'तू' सोपे मात्र नव्हते. एकदा त्यांची भाची रुसून म्हणाली, "आत्या, तू रोज विचारतेस, ऐकतोयस ना? मी ऐकत नाही का? मी तर ऐकतेय." ताईंना ते फार लागले. "दादा, निम्मी मुलं मी बाहेरच ठेवली," त्या म्हणाल्या. मग 'ऐकतोयस ना'चे 'तुला ऐकू येतंय ना' झाले. 'काय करतोस'चे 'काय केलंस' झाले. मुलगा असो की मुलगी, दोघांना बसेल असेच वाक्य बोलायचे, हा ताईंचा नेम झाला.

"तुमचाही नेम, माझाही नेम," लंबूदादा माझा रोख धरत हसायचे. "कुणाचाच चुकून चालत नाही."

ताई बाजारात भाजी घेत असल्या की एखादे मूल त्यांचा हात ओढून म्हणे, "काल मी सांगितलं ना तुला." ताई म्हणत, "हो तर. पण पुन्हा एकदा सांग." ही आमची बक्षिसे होती.

पुढे नवे दिग्दर्शक आले. माणूस वाईट नव्हता. हुशार होता, फक्त सदा घाईत. "ताई, टीव्हीवर शांतता झाली की लोक उठून मागची वायर तपासतात," ते म्हणायचे. ताई नुसत्या हसत.

एके दिवशी गोष्ट सांगून झाल्यावर ताईंनी विचारले, "तुला पटतं ना?" आणि त्या थांबल्या. वाकून उभे असलेले लंबूदादा गोष्टीत इतके रंगले होते, की त्यांनी होकाराची मान हलवली. हात होते माझ्या दांड्यावर. त्यांच्याबरोबर मीही मान हलवली आणि पडद्यावर ताई वरखाली झाल्या.

दिग्दर्शक धावत आले. "कॅमेऱ्याला डुलकी लागली का?"

"साहेब, ताईंनी विचारलं," लंबूदादा म्हणाले. "उत्तर द्यायला नको?"

सगळे हसले. दिग्दर्शक हसले नाहीत. "पुरे झालं. उद्याचा भाग थेट जाणार आहे आणि समोर शाळेतली मुलं असणार आहेत. तुमच्या त्या शांततेत कुणी उत्तर दिलं नाही, तर यापुढे प्रश्न संपला की मी संगीत वाजवणार. थांबायचं नाही. ते जमणार नसेल, तर मला दुसरी ताई शोधावी लागेल."

ताईंचा चेहरा उतरला, पण आवाज चढला नाही. "चालेल," त्या म्हणाल्या. "उद्या मात्र मी थांबणार."

दुसऱ्या दिवशी मुले रांगेत बसली. एवढे दिवे बघून त्यांची बोबडीच वळली होती. ताईंनी विचारले, "आज तू कुणाला मदत केलीस?" आणि त्या थांबल्या.

कुणी बोलेना. लंबूदादांच्या कानातल्या यंत्रातून दिग्दर्शकांचा आवाज मलाही ऐकू येत होता. "पुढे चला. त्यांना खूण करा." माझ्याशेजारी उभा असलेला दिग्दर्शकांचा मदतनीस हात फिरवून खुणा करू लागला. मी ताईंच्या अगदी जवळ होतो. त्यांच्या कपाळावर घाम आला होता. नजर तेवढी जागची हलली नाही.

तरीही कुणी बोलले नाही.

शेवटी ताई मऊ आवाजात म्हणाल्या, "आठवत नाहीये? असू दे. आठवलं की सांग. मी इथंच आहे." आणि त्या कागदाची होडी करायला बसल्या. दिग्दर्शक बसत त्या वरच्या काचेच्या खोलीत त्यांनी हात झटकले. संपलं सगळं, मी मनात म्हटले.

होडीची दुसरी घडी पडत होती, तेव्हा मागच्या रांगेतून एक बारीक आवाज आला.

"मी चपलेला केली."

ताईंचे हात थांबले. "चपलेला?"

"मदत," एक चिमुरडी उभी राहून सांगत होती. "तिची जोडीदार कॉटखाली गेली होती. तिला एकटं वाटत होतं. मी काठीने काढून दिली."

ताईंनी होडी बाजूला ठेवली. "मग? भेटल्या दोघी?"

"भेटल्या. पण उलट्या. मग आईने सरळ केल्या."

त्यानंतर सगळ्यांनाच काही ना काही आठवू लागले. होडी काही पुरी झाली नाही.

कार्यक्रम संपल्यावर दिग्दर्शक खाली आले. "तिला आधी पढवून ठेवलं होतं का?"

"मुलांना पढवता आलं असतं, साहेब, तर मला एवढा घाम फुटला नसता."

"पण उत्तर त्या शांततेत नाही आलं. नंतर आलं."

"कधी कधी उशिरा येतं. मी ऐकणार आहे, एवढं आधी कळावं लागतं त्यांना."

दिग्दर्शक निघता निघता थांबले. त्यांचे ते पहिलेच थांबणे. मग म्हणाले, "संगीत राहू दे. पण किती थांबणार ते आधी सांगत जा."

"ते मला कुठं माहीत असतं?" ताई म्हणाल्या.

केस पांढरे होईपर्यंत ताई तशाच थांबत राहिल्या. मग वरच्या खोलीतल्या बटणांवर चालणारे नवे कॅमेरे आले. मला मोडक्या शिडीमागे ढकलले गेले. अंगावर साधे फडकेही कुणी टाकले नाही. ओल धरली, भिंगात बुरशी उतरली. ताईंनी काम सोडले, तेव्हा निरोपाची भेट म्हणून त्यांनी मला मागून घेतले. आता मुलांशी बोलायला शिकणाऱ्या मंडळींना त्या माझ्यासमोर उभे करतात.

"उत्तर येत नाही आणि नुसतं बघत राहायचं. फार वेड्यासारखं वाटतं, ताई," परवा एक मुलगी म्हणाली.

"वाटू दे," ताई म्हणाल्या. "बघत राहा."

मित्रांनो, आमच्यासारख्या थकलेल्या यंत्रांवर एखादे फडके जरूर टाका. पण त्याहून मोठे मागणे वेगळे आहे. तुमच्या घरी लहान भावंड असेल, वर्गात बोलताना अडखळणारे कुणी असेल. वाक्याच्या मध्येच ते थांबेल. तेव्हा त्याचे वाक्य तुम्ही पुरे करू नका. घड्याळाकडे बघू नका, हसूही नका. त्याच्याकडे बघा. ते मूल एक शब्द शोधत आहे, तो त्याचा त्यालाच सापडू द्या.