कौशल्याबाईंच्या पाठीवरचा पिपा

मित्रांनो, जरा बोटाने ठोकून बघा मला. टण्ण! ऐकलंत? रिकामा म्हणून हसू नका हं. मी तेलाचा एक जुना पिपा आहे, आणि माझ्या या रिकाम्या पोटाच्या जोरावर सिंदी रेल्वे या गावातली निम्मी पोरं पोहायला शिकली आहेत.

कारखान्यातून निघालो तेव्हा तोंड बघावं इतका मी चकाकत होतो. सरकीचं तेल पोटात घेऊन सदाशिवरावांच्या दुकानात आलो. तेल संपलं, तसं मला भंगारात काढायचं ठरलं. पण त्यांच्या लेकाने, नीलेशने, माझ्या तोंडाला डाग देऊन ते बंद करून घेतलं, दोर बांधला आणि मला शेतातल्या विहिरीवर नेलं. पाठीवर मी असलो की पोर बुडत नसे. आया मला हळदकुंकू लावायच्या! पुढे प्लॅस्टिकचे हलके डबे आले आणि माझी रवानगी गुरांच्या कोठ्यात, कडब्यामागे झाली. गंज चढला. उंदरांनी दोर कुरतडला. गरज सरो, वैद्य मरो म्हणतात ना, तसं झालं. फार राग यायचा मला.

यंदा सदाशिवरावांनी दुकान नीलेशच्या हाती दिलं आणि अंदमानच्या जहाजाची दोन तिकिटं काढली. दिवाळी झाली की निघायचं. चेन्नई सुटली की तीन दिवस नुसता समुद्र! जन्म सरकीत गेलेल्या त्या माणसाला एकदा तेवढं पाणी डोळे भरून पाहायचं होतं. पण त्यांच्या बायकोने, कौशल्याबाईंनी, सांगून टाकलं, "तुमी जा. मले पाण्याचं लय भेव वाटते."

"तू नाई, तर मीबी नाई," सदाशिवराव म्हणाले, आणि नीलेशला तिकिटं रद्द करायला सांगून मुकाट्याने जेवायला बसले. नवऱ्याचा तो उतरलेला चेहरा कौशल्याबाईंना पाहवला नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी नीलेशला तिकिटं राहू दे म्हणून सांगितलं, स्वतः कोठ्यात आल्या आणि कडबा बाजूला सारून मला बाहेर ओढलं.

सून हर्षा नदीकाठच्या गावची, पट्टीची पोहणारी. ती हसायला लागली. "आई, जहाजात कोणी पोवत जाते का? तिथं जाकिट देतात!"

"काऊन हसून राह्यली वं? ज्याच्या घरी तीन दिवस राह्यचं, त्याले आधी एकदा भेटायले नको?"

हर्षाचं हसू थांबलं. तिने मला पाण्यात दाबून पाहिलं. एकही बुडबुडा आला नाही! गंजलो असेन, फुटलो नव्हतो. नवा दोर आला. सुनेचा पंजाबी ड्रेस घालून, लाजत, देवाचं नाव घेत कौशल्याबाई विहिरीच्या पायऱ्या उतरल्या. त्यांची छाती इतकी धडधडत होती की माझा पत्रा थरथरायला लागला.

पहिले काही दिवस त्यांनी पायरी सोडलीच नाही. मग एक हात सोडला. मग दुसरा. पाणी नाकात गेलं, ठसका लागला, रडल्या, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा आल्या. पोरांना भीती नसते हो, त्यांना शिकवणं सोपं. पण साठी उलटलेलं माणूस भीत भीत पाण्यात शिरतं, तेव्हा काय वाटतं ते मला सांगता येत नाही. मी त्यांच्या पाठीला चिकटून नुसता पाहत राहिलो.

एका सकाळी हर्षाने माझी गाठ सोडली. मी एकटाच पाण्यावर डुलत राहिलो आणि कौशल्याबाई हात मारत मारत समोरच्या काठाला लागल्या! वर आभाळ, खाली ते हिरवंगार खोल पाणी, आणि मधून ही बाई चालली होती, माझ्याशिवाय. मित्रांनो, एवढी मोठी गोष्ट मी उभ्या जन्मात पाहिली नाही.

सदाशिवराव पायरीवर डोळे पुसत होते.

"अवो, पाहून काय राह्यले? उतरा ना तुमी बी!" त्या पाण्यातूनच ओरडल्या.

सदाशिवराव एक पायरी मागे सरकले. मग खाली मान घालून म्हणाले, "मले येत नाई पोवता."

"आँ? मंग त्या जहाजात कोणाच्या भरोशावर बसणार होते?"

"तुया."

कौशल्याबाई मला पुढे ढकलत पायऱ्यांशी पोहत आल्या. मग ओल्या कपड्यांनिशी पायऱ्या चढून आल्या, मला उचललं आणि स्वतःच्या हातांनी नवऱ्याच्या पाठीवर बांधलं. गाठ दोनदा ओढून पाहिली.

"चाला," त्या म्हणाल्या, "मी हावो."

मित्रांनो, घरातली जुनी वस्तू भंगारवाल्याला देण्याआधी एकदा नीट पाहा. आणि घरातली मोठी माणसंही तशीच नीट पाहा. ती कशाला भितात, हे ती सांगत नाहीत. तुम्हीच जवळ जाऊन विचारा, आणि विचारल्यावर हसू नका.