परदेशातल्या बाईचे शब्द

आकाराम सुभेदारांनी नातीच्या हातातला कागद काढून घेतला आणि ओसरीच्या कडेला, उजेडात नेऊन धरला. तेलकट खडूंनी काढलेलं गाव होतं. देऊळ, विहीर, उसाचं शिवार, त्याच्या पलीकडं नदी आणि नदीवरून गेलेला रेल्वेचा पूल. प्रत्येक गोष्टीखाली इंग्रजी शब्द लिहिला होता. सुभेदारांना ती अक्षरं लागत. ते भरती झाले तेव्हा पलटणीत हिंदीसुद्धा रोमन अक्षरांतूनच शिकवत. त्यांनी ओठ न हलवता वाचलं. टेम्पल. वेल. रिव्हर. मग त्यांचं बोट पुलाखाली येऊन थांबलं.

“ह्यो पूल कुनी काढाय सांगितला?”

“कुनी न्हाई. दिसतो म्हनून काढला,” रेश्मा म्हणाली.

“आनि कागद जानार कुठं?”

“आमच्या इंग्रजीच्या क्षमाबाई साताऱ्याला नेत्यात. तितनं काम्प्युटरमधनं न्यूझीलंडला जातो. तितं एक बाई हाय, मार्गारेट म्हनून. ती आमाला शब्द पाठवती, चित्रासकट. मग आमी तिला आमची चित्रं पाठवतो.”

“तुमी बघितलीया का त्या बाईला?”

“न्हाई.”

“क्षमाबाईंनी?”

रेश्मानं नकारार्थी मान हलवली.

सुभेदारांनी खोडरबर मागितलं. तेलकट खडू रबरानं जात नाही, नुसता पसरतो. पूल गेला नाही, नदीवर मळकट ढग उतरल्यासारखं दिसू लागलं. रेश्माचे डोळे भरून आले. कागद परत मिळाल्यावर तो तिनं सुरळी करून दप्तरात ठेवला आणि आईला पाणी भरू लागायला निघून गेली.

कारगिलची लढाई त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात झाली होती. सुभेदारांचा मुलगा विश्वजीत, रेश्माचा बाप, तेव्हापासून वर बर्फातच होता. त्याची पत्रं येत, त्यांवर पलटणीचा नंबर असे, गावाचं नाव कधीच नसे. गणपतीच्या आधी शेवटचं पत्र आलं. त्यानंतर सुभेदार रोज सकाळी कोरेगावला पोस्टात जाऊन येत आणि घरी सांगत की तंबाखू आणायला गेलो होतो. विश्वजीत कधी येणार, हा प्रश्न घरात कुणी काढत नसे. सुनेनं एकदा काढला होता. तेव्हा सुभेदार ताटावरून उठले होते. फौजीच्या घरात त्यो सवाल करत न्हाईत, एवढंच बोलून त्यांनी हात धुतले होते.

दुसऱ्या दिवशी ते शाळेत गेले. मुख्याध्यापक नाथाजी सर त्यांना पाहून उभे राहिले. सुभेदार शाळेच्या समितीवर होते, आणि नाही म्हटलं तरी गावात त्यांच्या शब्दाला वजन होतं.

“ह्ये परदेशाचं काय काढलंय, सर? वरनं परवानगी हाय का?”

नाथाजी सरांनी टेबलावरची पट्टी उगाच सरळ केली. “तशी लेखी न्हाई. बाई शनिवारी शाळा सुटल्यावर चार-चार पोरं घेऊन जात्यात. पालकांना इचारून. पोरांचं इंग्रजी सुधारलंय, म्हनून मी बी काही बोललो न्हाई.”

“पोरांकडनं गावाची चित्रं मागवत्यात. पूल, रेल्वे. उद्या धरणं मागवतील. तुमाला काय वाटतं, शब्द फुकट देतंय व्हय कोन?”

क्षमाबाईंना बोलावणं गेलं. त्या साताऱ्याच्या, रोज एसटीनं येऊन-जाऊन नोकरी करणाऱ्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. चेहरा लाल झाला, तरी आवाज चढला नाही.

“सुभेदारसाहेब, इंग्रजीच्या पुस्तकात ‘ब्रिज’ हा शब्द आहे. मी फळ्यावर लिहिला तर मुलं तो परीक्षेपुरता पाठ करतात. तिकडून त्यांच्या पुलाचं चित्र आलं आणि यांना वाटलं, आपलाही दाखवू. एवढंच आहे.”

“एवढंच असंल. पन मी तीस वर्षं नोकरी केली, बाई. घरच्या पत्रात डोंगराचं नाव लिवलं म्हनून आमच्यातल्या एकाला लय ऐकून घ्यावं लागलं हुतं. पत्र बायकूलाच हुतं.”

“मग या शनिवारी तुम्हीच चला. रेश्माचा नंबर आहे. डोळ्यांनी बघा, आणि तुम्हाला बंद करावंसं वाटलं तर मी बंद करीन.”

“आनि वर कळवावं वाटलं तर?”

क्षमाबाईंनी नाथाजी सरांकडं पाहिलं. नोकरीत कायम व्हायला त्यांचे अजून काही महिने बाकी होते, हे त्या खोलीत तिघांनाही ठाऊक होतं.

“तर कळवा,” त्या म्हणाल्या.

शनिवारी एसटीत सुभेदार मुद्दाम मागच्या बाकावर बसले. पुढं क्षमाबाई आणि मुलं. रेश्मा, अर्जुना, मयूरी आणि गावातल्या दादासोचा धाकटा मुलगा. बाहेर जे दिसेल त्याचं इंग्रजी नाव घ्यायचा खेळ चालला होता. बैल, टोपली, सायकल, धूर. धुराला कुणालाच शब्द आठवेना, तेव्हा रेश्मानं तो सांगितला. सुभेदारांच्या शेजारचा माणूस कौतुकानं म्हणाला, “हुशार हाय की पोरगी. कुनाची वं?” सुभेदारांनी ऐकू न आल्यासारखं केलं. अनोळखी माणसाला उगाच माहिती द्यायची त्यांना सवय नव्हती.

साताऱ्यात पोवई नाक्याच्या अलीकडं एका जिन्याखाली क्षमाबाईंचा आतेभाऊ मुकुल लग्नपत्रिका छापायचं दुकान चालवत होता. चित्र यंत्रावर ठेवलं की कॉम्प्युटरच्या पडद्यावर यायचं, ते यंत्र त्याच्याकडं होतं. आणि आता दारावर इंटरनेटचा नवा बोर्डही होता. मुकुलनं सुभेदारांना खुर्ची दिली. सुभेदारांनी ती उचलून अशा जागी ठेवली, जिथून पडदाही दिसेल आणि दारही.

इंटरनेटचा फोन लागायला वेळ लागला. लागला तेव्हा कॉम्प्युटरला जोडलेल्या डबीतून खरखर आली, मग शिट्ट्या, मग पुन्हा खरखर. मुलं हसू लागली. सुभेदार मात्र सावरून बसले. चौकीवर रात्री वायरलेसमध्ये असलाच आवाज आला की सगळे बोलायचे थांबत.

“ह्यो आवाज कशाचा?”

“दोन कॉम्प्युटर एकमेकांना ओळख देतायत, काका,” मुकुल म्हणाला.

“ओळख म्हंजी काय काय सांगत्यात?”

मुकुल हसला, पण सुभेदार हसत नाहीत हे पाहून गप्प झाला.

पडद्यावर वरून खाली हळूहळू एक चित्र उतरू लागलं. आधी आभाळ, मग लोखंडी कमान, मग पाणी, आणि शेवटी कठड्याला टेकलेली दोन गोरी मुलं. खाली मोठ्या अक्षरांत शब्द होता. मुलं एका सुरात ओरडली, “ब्रिज!”

“पाहिलंत? त्यांनी गावाचं नावसुद्धा दिलंय,” क्षमाबाई म्हणाल्या.

“देतील की. त्यांच्या दारात कोन दुश्मन बसलाय?”

क्षमाबाईंनी मुकुलला आधी पाठवलेली चित्रं उघडायला सांगितली आणि खुर्ची सरकवून सुभेदारांना जागा करून दिली. चित्रं गावातल्याच पोरांची होती. खाली नावं मात्र वेगळी होती. मोगरा. पारिजात. शेवंती. गावाच्या जागी नुसतं ‘व्हिलेज’ होतं, त्यापुढं काही नाही.

“ही शेवंती कोन?”

“तुमची रेश्मा.”

सुभेदारांनी पडद्यावरचं नाव पुन्हा वाचलं.

“मी तरी त्या बाईंना कुठं पाहिलंय?” क्षमाबाई हलक्या आवाजात म्हणाल्या. मुलांना ऐकू जाऊ नये अशी त्यांची धडपड होती. “पत्रं चांगली लिहितात. शाळेचा फोटो पाठवलाय. पण फोटो कुणीही पाठवतं. तुमची पोरं माझ्या भरवशावर येतात. मला झोप लागायला हवी ना.”

सुभेदारांनी प्रथमच त्यांच्याकडं नीट पाहिलं. बाई वयानं त्यांच्या सुनेएवढीच होती. डोळ्यांखाली काळं आलं होतं.

“ह्ये शाळेतच का न्हाई सांगितलं?”

“सांगितलं असतं तर तुम्ही विश्वास ठेवला असता?”

सुभेदारांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

त्या आठवड्याचे शब्द घरातल्या माणसांचे होते. मार्गारेटबाईंनी स्वतःच्या वडिलांचं चित्र पाठवलं होतं, मेंढ्यांच्या कळपात उभा असलेला उंच म्हातारा. खाली दोन प्रश्न होते. तुमचे वडील काय करतात? ते आता कुठं आहेत? मुलांनी एकेकानं बसून उत्तर लिहायचं आणि क्षमाबाईंनी चुका सुधारायच्या. अर्जुनानं ड्रायव्हर लिहिलं, आणि वडील आता ट्रकमध्ये आहेत असं लिहिलं. दादासोच्या धाकट्यानं दुकान लिहिलं. मग रेश्मा बसली.

सुभेदार उठून तिच्या मागं जाऊन उभे राहिले. त्यांनी घसा खाकरला नाही, खांद्यावर हात ठेवला नाही, नुसते उभे राहिले. क्षमाबाईंनी एकदा त्यांच्याकडं पाहिलं आणि नजर काढून घेतली. रेश्मा एका बोटानं अक्षर शोधून दाबत होती. सुभेदार प्रत्येक अक्षर उमटताना वाचत होते.

माय फादर इज फार्मर. ही इज इन होम.

रेश्माचे वडील फौजेत आहेत, हे क्षमाबाईंना माहीत होतं. बाकीच्या तिन्ही मुलांनाही माहीत होतं. धाकट्यानं तोंड उघडलं, तेवढ्यात क्षमाबाईंनी पुढं होऊन पडद्यावर बोट ठेवलं.

“फार्मरच्या आधी ‘अ’ हवा. आणि ‘इन’ नाही. ‘ॲट’. ॲट होम.”

रेश्मानं खोडून दुरुस्त केलं. मुकुलनं बटण दाबलं आणि ते वाक्य गेलं.

परतीच्या गाडीला वेळ होता. स्टँडवर क्षमाबाई बाकीच्या मुलांना घेऊन पाणी प्यायला गेल्या. सुभेदारांनी रेश्माला राजगिऱ्याचा लाडू घेऊन दिला. त्यांच्या मनावरचं एक ओझं उतरलं होतं, आणि त्याहून जास्त त्यांना अभिमान वाटत होता. एवढंसं पोर, पण घराण्याला शोभेल असं वागलं होतं.

“शाब्बास,” ते म्हणाले. “बराबर लपवलंस. मी मागं हुभा हुतो म्हनून न्हवं ना?”

“न्हाई. मी लपवलंच न्हाई, आबा.”

“मग?”

रेश्मानं लाडवाचा तुकडा मोडला आणि हातातच धरून ठेवला.

“शोल्जर लिवलं असतं तर त्या बाईंनी फुडल्या खेपंला इचारलं असतं, कवा येनार म्हनून. त्येचं इंग्रजी मला येत न्हाई.”

फलाटावर एक गाडी मागं घेत होते आणि कंडक्टर पत्र्यावर थाप मारत होता. सुभेदारांनी तिकडं बघितलं. रेश्मानं लाडू कागदात गुंडाळून आईसाठी ठेवला. गाडीत या वेळी ते मागं गेले नाहीत. तिच्या शेजारी बसले, आणि मुलांनी पुन्हा खेळ मांडला तेव्हा ती खेळली नाही, हे त्यांनी पाहिलं.

रविवारी पोस्ट बंद होतं. सोमवारी सकाळी ते कोरेगावला जाऊन रिकाम्या हातानं परत आले आणि तसेच शाळेत गेले. नाथाजी सरांनी कोरा कागद आणि पेन टेबलावर काढून ठेवलं होतं.

“मग, सुभेदार? लिवायचं का वर?”

“काय लिवायचं?”

“तुमी जे बघितलंसा ते.”

“मी काय वावगं बघितलं न्हाई. चालू द्या. परवानगीचं मी बोलतो सभापतींशी.”

नाथाजी सरांनी सुटकेचा निःश्वास टाकला आणि चहा सांगू का म्हणून विचारलं. सुभेदार नको म्हणाले. ते व्हरांड्यातून सहावीच्या वर्गाकडं गेले. क्षमाबाई त्यांना पाहून दाराशी आल्या. आत मुलं फळ्यावरचे शब्द म्हणत होती.

“सरांना सांगून आलोय,” सुभेदार म्हणाले. “तुमी तुमचं काम करा.”

क्षमाबाईंनी मान डोलावली. त्यांना काही बोलायचं होतं, पण सुभेदार अजून तिथंच उभे होते. टोपी हातात होती आणि तिची घडी ते पुन्हापुन्हा बोटांनी दाबत होते.

“येक इनंती हुती, बाई.”

“सांगा ना.”

“ह्ये आपलं ‘कवा’. आपन कवा म्हंतो की, कवा आला, कवा येनार. त्येचा इंग्रजी शब्द पोरीला इतक्यात शिकवू नका. बाकीच्यांना शिकवा. तिचा बाप घरी येऊस्तवर तिला नको.”

काय सांगावं, किती सांगावं, हे क्षमाबाई मनात जुळवत असाव्यात.

“सुभेदारसाहेब, तो शब्द तर पाचवीतच झाला,” त्या अखेर म्हणाल्या. “वर्गात सगळ्यांच्या आधी रेश्मालाच आला होता.”

सुभेदारांनी उघड्या दारातून आत पाहिलं. दुसऱ्या रांगेत रेश्मा त्यांच्याकडंच बघत होती. नजरानजर झाली तशी तिनं मान वळवली आणि फळ्याकडं पाहून, इतरांपेक्षा मोठ्या आवाजात, शब्द म्हणू लागली.