पंचनाम्यातली विहीर

मंगळवारी सकाळी देवीच्या विहिरीवर नारळ, हळदकुंकू आणि चार प्लास्टिकच्या खुर्च्या आल्या, तेव्हा गावाने ओळखलं, पाणी तपासायला प्रयोगशाळेची माणसं येणार. चाकणजवळच्या या गावात दर तीन महिन्यांनी हा सोहळा होई. धातूला मुलामा देणाऱ्या प्लेटिंगच्या कंपनीमुळे ओढ्याचं आणि जमिनीखालचं पाणी बिघडलं नाही ना, हे बघायचा नियम आहे, आणि नियम पाळण्यात गाव मागे नव्हतं. फक्त नमुना देण्याचा मान देवीच्या विहिरीचा. ही विहीर कंपनीच्या वर, चढावर. पाणी चढाकडे वाहत नाही, हे कंपनीतले इंजिनियर शाळेतच शिकले होते.

कंपनीच्या खाली ओढा आणि ओढ्याकाठी दलित वस्ती. तिथल्या बोअरला दोन वर्षं पिवळसर पाणी येत होतं. सरूबाईच्या नऊ वर्षांच्या नातीच्या, संस्कृतीच्या, हातांवर जखमा झाल्या होत्या, पोटात काही ठरत नव्हतं. डॉक्टरांनी चिठ्ठीवर ‘पाणी बदला’ असं लिहिलं. कुठून आणून बदला, ते लिहायचं राहून गेलं.

देवीच्या विहिरीवर वस्तीला मनाई नव्हती. पाटी नव्हती, ठराव नव्हता. गाव पुढारलेलं होतं. वस्तीतली बाई कळशी घेऊन वर दिसली, की विहिरीवरची मोटार तेवढी बिघडायची आणि बाई परत फिरली, की आपोआप सुरू व्हायची.

नमुना घेतल्याच्या पंचनाम्यावर वस्तीतल्या एका माणसाची सही लागे. या खेपेला सरूबाईला बोलावलं, कारण तिला वाचता येत नाही असा माजी सरपंच सोपानरावांचा समज होता. कंपनीला टँकर पुरवण्याच्या गडबडीत एक गोष्ट त्यांच्या कानावर आली नव्हती. नातीचा अभ्यास घेता घेता म्हातारी अक्षरं शिकली होती.

प्रयोगशाळेच्या अंजलीने बाटली भरली आणि कागद पुढे केला. सरूबाई एकेक अक्षर लावू लागली.

“सरे, आंगठा टेक. पोथी लावलीस व्हय?” सोपानराव म्हणाले.

“‘सदर विहिरीचे पाणी गावठाण व खालची वस्ती पिण्यासाठी वापरते.’ ह्ये कुणी लिव्हलं?”

“दर खेपेला लिव्हत्यात.”

“मग खरं करा. बादली सोडते, आन् हितंच सही करते.”

“देवीचं पाणी हाय! लई माज आला का?”

“कागदावर आमी रोज पितोय की. तवा न्हाई देवी कोपली?”

कंपनीचे अधिकारी गणराज पुढे झाले. “मावशी, फॉरमॅलिटी आहे हो. आज सॅम्पल घ्यायची शेवटची तारीख आहे.”

“एक तर हितं माझी बादली, न्हाईतर आमच्या बोअरला तुमची बाटली. दोन्हीतलं एक झाल्याबगर सही न्हाई.”

सोपानरावांनी विचार केला. एकीकडे कंपनी, टँकर आणि गणराजसाहेबांचा स्नेह. दुसरीकडे सरूबाईची बादली. बादली जड ठरली.

“मॅडम, घ्या हिच्या बोअरचं!”

“अहो राव, तो पॉइंट आपल्या नकाशात नाही!” गणराज ओरडले.

“मग काढा नकाशात! विहीर बाटली तर गावात तोंड दाखवू का मी?”

एवढ्या वर्षांत कायद्याला जे जमलं नव्हतं, ते शिवाशिवीने दहा मिनिटांत करून दाखवलं. सगळा लवाजमा वस्तीत उतरला. अंजली या गावात आठ वेळा आली होती. वस्ती पहिल्यांदाच बघत होती. बाटली भरली, उजेडात धरली. पाणी पिवळं होतं.

“आजी, हे तुम्ही पिता?”

“छ्या! आमी वरल्या इहिरीचं पितो. तुमच्याच कागदावर हाय की.”

अंजलीने कागदावरची ती ओळ खोडली, शेजारी आपली सही केली आणि नव्या नमुन्याची जागा स्वतःच्या अक्षरात लिहिली. मग सरूबाईने सही केली. पूर्ण नाव, सावकाश.

“ह्याचा निकाल कधी?”

“पंधरा दिवस तरी लागतील.”

“तवर पोरीनं काय प्यायचं?”

गणराजांनी मोबाइल काढला. सोपानराव म्हणाले, “झालं न्हवं तुझ्या मनासारखं? आता गप घरला जा.”

सरूबाई घरात गेली खरी, पण बाहेर आली ती दोर आणि बादली घेऊन, आणि चढाला लागली.

“ए, कुठं निघालीस? बोली झाली व्हती आपली!”

“सहीची झाली व्हती. सही केली. पान्याची कुठं झाली?”

सोपानराव धापा टाकत मागे धावले, वरच्या माणसांना हाका मारत. ती वर पोचली तेव्हा सातआठ जण काठ अडवून उभे होते. तिने पदर खोचला, दोराची गाठ एकदा ओढून बघितली आणि थेट समोरच्याच्या डोळ्यांत बघत म्हणाली, “सरक.”