अभद्र वाक्य

आलापल्लीच्या अलीकडच्या एका मिशनच्या दवाखान्यात नर्स असलेल्या विशाखाला हॉलंडला शिकायला जायचं होतं. जागा एकच, आणि त्यासाठी डच भाषेची तोंडी परीक्षा. शिकवणाऱ्याही हॉलंडच्या मारिकाबाई, परीक्षा घेणाऱ्याही त्याच. चौऱ्याऐंशी साल ते.

पोरगी हुशार. पण गाडं अडलं जर-तरपाशी. डचमध्ये जरला 'आल्स' म्हणायचं, आणि तसं झालं तर काय करीन, त्याला 'झाउ' लावायचं. 'पाऊस आला तर घरी बसेन' हे ती फडाफडा बोले. पण मारिकाबाईंचे नमुने कसले! घर जळालं तर, आई आजारी पडली तर! तिथं हिच्या तोंडाला कुलूप. अहो, तिची माय शकुबाई घरात कोणी 'मेलो तर' म्हटलं की तोंडावर हातच ठेवायची. "अभद्र बोलू नोको, खरं होते!" बाई विहारात जाणारी, पण हा धाक काही सुटला नव्हता. त्यात तिला दोन वर्षांपासून छातीचं दुखणं.

परीक्षेच्या दिवशी शकुबाई लेकीसोबत आली, धापा टाकत बाजूच्या बाकावर बसली. बाईंनी डचमध्ये विचारलं, आई आजारी पडली तर काय करशील? विशाखा गप्प. पुन्हा विचारलं, तरी गप्पच.

"काऊन गप राह्यली? काय इचारून राह्यल्या बाई?"

"काई नाई, माय."

"खोटं नोको बोलू."

सांगावंच लागलं. शकुबाई उठून लेकीसमोर उभी राहिली.

"बस, एवढंच? मंग सांग त्याइले. माय आजारी पडली तं मी येणार नाई. मायनंच सांगतलं, शिकूनच येजो."

विशाखा बाईंकडे वळली. "आल्स माइन मूडर झीक वेर्ट, झाउ इक नार हाउस कोमन." आई आजारी पडली तर मी घरी येईन.

"बरोबर," मारिकाबाई मराठीत म्हणाल्या. "पास झालीस."

"मी सांगतलं तेच बोलली ना?" शकुबाईनं विचारलं.

"हो माय."

मारिकाबाईंनी दोघींकडे पाहिलं आणि वही मिटली.

शकुबाई तरातरा बाहेर गेली. ओसरीवरच्या पेशंट बायांना ठसक्यात सांगू लागली, "माही पोरगी लय हिंमतीची! माय आजारी पडली तरी येत नाई म्हणते!" आणि सांगता सांगता तिनं पदर डोळ्यांना लावला.