शेवयांच्या मशीनवरचे नाव

मी एक जुने शेवयांचे मशीन आहे. सांगलीहून तासगावकडे जाताना द्राक्षबागांमध्ये एक गाव लागते. तिथल्या मगदूमांच्या सोप्यात, म्हणजे घराच्या दर्शनी खोलीत, माझे चार पाय फरशीला बोल्टने आवळून टाकलेले आहेत. त्यामुळे मी कधी कुठे गेले नाही. जे पाहिले ते या सोप्यातूनच पाहिले.

मित्रांनो, माझा जन्म सांगलीतल्या एका छोट्या कारखान्यात झाला. पोट बिडाचे ओतले, आत पोलादी मळसूत्र बसवले, तोंडाला पितळी जाळी लावली आणि बाजूला मोटार जोडली. माझे काम समजायला सोपे आहे. वरून भिजवलेला रवा घालायचा. मळसूत्र तो पुढे ढकलते, पुढे जागा अरुंद होत जाते, दाब वाढतो आणि जाळीतून शेवया बाहेर पडतात. रवा जास्त ओला असेल तर शेवया एकमेकींना चिकटतात. कोरडा राहिला तर मोटार तापते आणि कण्हू लागते.

मला गुणमालाने विकत घेतले. लग्नात तिच्या आईने तिच्या हातात पाटल्या घातल्या होत्या. आईला विचारून तिने त्या मोडल्या. तिचा नवरा भरतेश लग्नसमारंभांचे व्हिडिओ काढायचा, पण आता ज्याच्या त्याच्या खिशात कॅमेरा आल्यामुळे त्याला बोलावणारे कमी झाले होते. घरात कीर्ती नावाची लहान मुलगी होती. नियमित पैसा हवा होता, म्हणून मी आले.

आमच्या भागात घरात नवी वस्तू आली की तिच्यावर नाव घालतात. ताट असो, कळशी असो, ट्रॅक्टर असो. माझ्यावर नाव घालायला रंगकाम करणारा साईराज ब्रश घेऊन आला.

"वैनी, नाव कुणाचं घालू?"

"ह्यांचंच घाला की," गुणमाला म्हणाली.

भरतेश जवळच उभा होता. "माझं कशाला? पाटल्या तुझ्या गेल्या."

"आवं, बाईचं नाव बघून लोक तुमालाच हसतील. घरधन्याचं नाव असतंय."

साईराजने लाल रंगात ठसठशीत लिहिले, 'भरतेश मगदूम यांचे शेवया मशीन'. खाली दोन द्राक्षांचे घडही काढले, कुणी न सांगता. पुढे मोबाईलवरून पैसे घ्यायची पद्धत आली, तेव्हा माझ्या कुशीला चौकटीचा कागद चिकटवला गेला. तोही भरतेशच्या खात्याचा होता. गुणमालाला त्यात काही वावगे वाटले नाही. घर एक, तर खाते कुणाचे का असेना.

ते दिवस माझे चांगले होते. ऊन तापू लागले की बायका खपली गव्हाचा रवा रात्री भिजवून सकाळी बादल्या घेऊन दारात बसायच्या. गुणमाला रवा घालायची. भरतेश माझ्या तोंडाशी बसून पडणाऱ्या शेवया काठीवर अलगद झेलायचा आणि गच्चीवर वाळत घालायचा. रवा मुठीत दाबून बघायचा आणि सांगायचा, "अंबूबाई, वाईच पाणी मारा, घसा कोरडा पडंल मशीनचा." दुपारी तो माझी जाळी काढून सुईने एकेक भोक साफ करायचा. घर जैन, सूर्य मावळायच्या आत जेवणे उरकायची असत, म्हणून माझेही काम उन्हातच संपायचे. मग तो मळसूत्राला शेंगतेलाचा हात लावून माझ्यावर फडके टाकायचा.

अंबूबाई म्हणायची, "भरतेश, बायकूपक्षा मशीनलाच लय जपतुयास बग!"

"मशीन उलटं बोलत न्हाई, अंबूबाई!" तो म्हणायचा. बायका हसायच्या, गुणमालाही हसायची.

एका वर्षी ऐन हंगामात गुणमाला कीर्तीच्या शाळेची फी भरायला गेली आणि तशीच परत आली. खात्यातले पैसे कोर्टाच्या हुकमाने अडकवले होते. महिन्याभराच्या शेवयांची सगळी कमाई त्यात होती.

"कसला हुकूम?" तिने विचारले.

भरतेश माझ्या जाळीत सुई घालून बसला होता. सुई तशीच हातात धरून त्याने सगळे सांगितले. लग्नाआधी त्याने अमृत नावाच्या मित्राबरोबर स्टुडिओ काढला होता. कॅमेरे, दिवे सगळे एका दुकानदाराकडून उधारीवर आणले. स्टुडिओ बसला आणि अमृत गाव सोडून गेला. दुकानदाराने भरतेशवर दावा लावला. भरतेश एकाही तारखेला गेला नाही. निकाल त्याच्याविरुद्ध लागला.

"गेलं न्हाई की आपोआप थंड हुईल वाटलं," तो म्हणाला.

"आन् मला का न्हाई सांगितलं?"

"लगीन मोडलं आसतं."

गुणमालाने सुई त्याच्या हातातून घेतली आणि भोके साफ करायला स्वतः बसली.

आठवड्याभरात कोर्टाचा बेलीफ आला. जप्त करण्यासारखे काय आहे ते बघत तो सोप्यात आला आणि माझ्यासमोर थांबला. त्याने माझ्यावरचे नाव मोठ्याने वाचले.

"सायेब, मशीन माझं हाय," गुणमाला म्हणाली. "माझ्या पाटल्या मोडून घेतलंय."

"आसंल ताई. पण नाव काय लिवलंय, तुमीच वाचा की."

तिने वाचले नाही. बादली घेऊन बसलेली अंबूबाई मात्र म्हणाली, "आवं, माझा रवा भिजलाय की! त्यालाबी जप्त करून न्या, न्हाईतर शेवया तुमीच वळून द्या!" बेलीफही हसला. पण हसत हसतच त्याने माझ्या मळसूत्राला सुतळी बांधली, त्यावर लाख लावली आणि शिक्का मारला. मला उचलून न्यायला त्या दिवशी गाडी नव्हती, म्हणून शेजाऱ्यांच्या सहीवर मला तिथेच ठेवले. त्या हंगामात मी पुन्हा फिरले नाही. बायका बादल्या घेऊन दुसऱ्या गावाला जाऊ लागल्या. माझ्या पोटात राहिलेला रवा आंबला, मग सुकला, मग दगडासारखा झाला.

गुणमालाची चुलतबहीण माया सांगलीत वकिली करते. ती घरी आली आणि माझ्याकडे बघत म्हणाली, "आक्का, खात्यावर नाव दाजींचं होतं, त्या पैशाची आशा सोड. पण मशीन तुझ्या स्त्रीधनातून आलंय. सोनाराची पावती आहे. दाजींच्या जुन्या देण्यासाठी तुझी वस्तू कोर्ट घेऊ शकत नाही. आपण हरकत घेऊ."

"आणखी चार वर्षांनी हुकूम संपंल म्हणतात," भरतेश म्हणाला.

"निकाल बारा वर्षं जिवंत राहतो, दाजी, त्यातली आठच झालीत. तोवर दुकानदार वाट बघत बसणार नाही. आणि तुमचं देणं खरं आहे. ते फेडायचंच आहे, फक्त आक्काच्या आणि कीर्तीच्या घासातून नाही."

मग तिने दोघांना माझ्यासमोर बसवले. समोरचा वकील काय विचारेल त्याची तालीम करायची होती.

"भरतेश मगदूम, मशीन घेताना तुम्ही किती पैसे घातले?"

"काय न्हाई."

"दुरुस्ती, वीजबिल?"

"ती भरती."

"घर कुणाच्या कमाईवर चालतं?"

त्याने माझ्यावरच्या नावाकडे पाहिले. गुणमाला म्हणाली, "माया, बास कर."

"मी बास करीन, आक्का. समोरचा करणार नाही."

"हिच्या," भरतेश म्हणाला.

"मग या धंद्यात तुम्ही काय करता?"

गुणमाला पटकन म्हणाली, "सगळं करतात की! झेलतात, वाळवतात, तेल घालतात..."

मायाने मान हलवली. "तू म्हणतेस ते खरं आहे. पण तिकडनं म्हणतील, मग धंदाही त्यांचाच, मशीनही त्यांचंच."

"मी सांगतो की," भरतेश म्हणाला, "मी तितं नुसता बसून आसतो."

"खोटं बोलू नका, दाजी."

"खोटं कुठलं? पैशाच्या हिशोबात नुसताच बसलोय की मी." तो हसला. इतर कुणी हसले नाही.

मित्रांनो, मला तोंड आहे पण ते शेवयांचे आहे. तेव्हा मला बोलता आले असते तर मी सांगितले असते की माझ्या जाळीचे एकेक भोक या माणसाच्या हाताला पाठ आहे. पण मला कुणी साक्षीला बोलावले नाही.

पावसाळा गेला, थंडीही गेली, आणि कोर्टाने गुणमालाची हरकत मान्य केली. बेलीफने येऊन सुतळी कापली. "सुटलं बगा तुमचं," तो म्हणाला. साईराज पुन्हा आला, जुने नाव खरवडले आणि गुणमालाचे घातले. पैशांचा कागदही तिच्या खात्याचा आला. घर वाचले. कीर्तीची फी भरली गेली.

भरतेशने कोर्टातही 'मी तितं नुसता बसून आसतो' असेच सांगितले होते. गावातली माणसे ऐकायला गेली होती, त्यामुळे ते गावभर झाले. हंगामाच्या पहिल्याच दिवशी तो काठी घेऊन माझ्या तोंडाशी बसला, तेव्हा पारावरून येणारा भाऊसो दारातून ओरडला, "का रं गड्या, कोर्टानं नुसतं बसायला सांगितलंय न्हवं? हात कशाला चालवतुयास?"

थट्टाच होती ती. गुणमालाने भाऊसोला चांगले सुनावले. अंबूबाईने तर बादलीच दाखवली. पण भरतेशने काठी भिंतीला टेकवली, उठला आणि बाहेर गेला.

पुढच्या महिन्यात तो पाचगणीला एका हॉटेलात कामाला लागला. तिथे खोल्या आवरतो, पाहुण्यांच्या बॅगा उचलतो. पगारातून दर महिन्याला दुकानदाराचे पैसे कोर्टात भरतो. उरलेले घरी पाठवतो. गुणमाला म्हणाली होती, "हितनं भरूया की दोगं मिळून." तो म्हणाला, "न्हाई. ते माझं हाय. तुझ्यात मिसळायचं न्हाई म्हणूनच तर एवढं केलं."

आता माझ्या तोंडाशी गुणमाला एकटी असते. रवा घालायला तिला मागे जावे लागते, तेवढ्यात पुढच्या शेवया खाली पडून तुटतात. तुटलेल्या शेवया ती वेगळ्या टोपलीत ठेवते आणि बायकांकडून त्यांचे पैसे घेत नाही. माझ्या जाळीची काही भोके बुजली आहेत. मी पूर्वीपेक्षा जास्त आवाज करते. तिला वेळ मिळत नाही, मी तिला दोष देत नाही.

पुढच्या वर्षी महावीर जयंतीला भरतेश दोन दिवसांसाठी आला. कीर्तीने त्याला गच्चीवरच्या शेवया दाखवल्या. माझा आवाज त्याने ऐकला असावा. तो सोप्यात आला, पण उंबऱ्याजवळच थांबला. हात धुतलेले होते, पाणी निथळत होते.

"गुणा," तो म्हणाला, "जाळी भरलीया. साफ करू का? चालंल?"

गुणमालाच्या हातातला रवा तसाच राहिला. "आवं, विचारताय कशाला?"

"न्हाई, तुझं हाय, म्हणून विचारलं."

त्याने जाळी साफ केली, तेलाचा हात लावला, फडके घातले. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा उंबऱ्यावर उभा राहून त्याने तेच विचारले. मग एसटीने तो परत गेला.

मित्रांनो, तुमच्या घरात जे कुणाच्या कष्टातून आले असेल, त्यावर पहिल्या दिवशीच त्याचे नाव घाला. लोक हसले तर हसू द्या. कुणाचे जुने देणे असेल तर ते घरात वेळेवर सांगा, म्हणजे ते एकट्याला फेडावे लागत नाही. माझ्यासारख्या यंत्रांना तेल घाला, आमची भोके बुजू देऊ नका. आणि तुमच्या घरातले कुणी माणूस स्वतःच्याच उंबऱ्यावर उभे राहून आत यायला विचारत असेल, तर त्याला नुसते हो म्हणू नका. उठून जा, आणि हाताला धरून आत आणा. मला हात नाहीत, म्हणून तुम्हाला सांगते.